ठोसा मारल्यावर हात झटकलाच पाहिजे

हाणामारीच्या पिक्चरमधला हिरो पास की नापास, हे ठरवायची माझी एकच चाचणी आहे. समोरच्याच्या जबड्यावर ठोसा बसला की हिरोच्या हाताकडे बघायचं. त्याने हात झटकला, बोटं चोळली, ओठ आवळून क्षणभर कळ सोसली, तर तो हिरो आपला. ठोसा मारून हात जणू लोण्यातून बाहेर आला असेल, तर तो माणूस पोस्टरवर बरा. जबड्याचं हाड टणक असतं. शाळेच्या मागच्या मैदानात ज्याने एकदा तरी मारामारी केली आहे, त्याला ठाऊक असतं की मारणाऱ्यालाही लागतं. ही साधी गोष्ट ज्या दिग्दर्शकाला कळली, त्याच्या पिक्चरचं तिकीट मी डोळे मिटून काढतो.

माझ्या मावसभावाचं मत नेमकं उलटं. हिरोला लागताच कामा नये, असं तो मानतो. "लागायला आपण आहोत ना रे, त्याला कशाला?" हा त्याचा सवाल. कुणालातरी दोन तास काहीच होत नाही, हे बघायला तो पैसे मोजतो, आणि त्यात त्याला जो आनंद होतो तो खरा आहे. लग्नात, बारशात, एकदा तर दहाव्यालासुद्धा आमचा हा वाद रंगलाय आणि घरातल्या बायकांनी आम्हाला चहा देऊन बाहेर पाठवलंय. तरी मी मागे हटणार नाही, कारण माझ्या बाजूने पुरावा आहे.

पहिला पुरावा आमच्या गल्लीतला. गणेशोत्सवात रस्त्याच्या मधोमध पांढरं कापड ताणून पिक्चर लावायचे. पुढे जागा मिळाली नाही की पोरं कापडाच्या मागे बसायची. मागून सगळं उलटं दिसायचं, प्रत्येक हिरो डावखुरा, प्रत्येक ठोसा डाव्या हाताचा. पण दोन्ही बाजूंचा आवाज एकच असायचा. हिरोने कुणाला लोळवलं की शिट्ट्या व्हायच्या, त्या कुणालाही मिळतात. हिरो स्वतः पडला, नाकातून रक्त आलं, हात टेकून उठायला बघतोय आणि जमत नाहीये, की आधी सगळा रस्ता चिडीचूप व्हायचा. मग कुठूनतरी एकजण ओरडायचा, "ऊठ!" त्या एका हाकेनंतर जो गलका व्हायचा, तो मी पुढे कुठल्याही एअरकंडिशन्ड थिएटरात ऐकलेला नाही.

आता मुख्य साक्षीदार. १९८८ सालचा 'डाय हार्ड'. माझ्या मते आजवरच्या सगळ्या मारधाडीच्या पिक्चरमध्ये सर्वांत मोठी भूमिका यात आहे, आणि ती जॉन मॅक्लेनच्या पायांची आहे.

न्यू यॉर्कचा हा पोलिस दुरावलेल्या बायकोला भेटायला लॉस एंजेलिसला येतो. विमानात शेजारचा प्रवासी त्याला सल्ला देतो, की प्रवासाचा शीण घालवायचा तर बूटमोजे काढायचे आणि गालिच्यावर पायाच्या बोटांच्या मुठी वळायच्या. बायकोच्या ऑफिसात पोचल्यावर मॅक्लेन ते करून बघतो, त्याला बरं वाटतं, आणि त्याच क्षणी बाहेर दरोडेखोरांचा गोळीबार सुरू होतो. झालं! पुढचा सगळा पिक्चर गडी अनवाणी. पहिला दरोडेखोर मारल्यावर त्याचे बूट घालून बघतो, तर तेही लहान पडतात. पटकथाकाराने एका फालतू वाटणाऱ्या सल्ल्यातून दोन तासांची वेदना पेरून ठेवली आहे. ज्याला पटकथा लिहायची आहे त्याने दुसरं काही शिकू नये, हे शिकावं.

आणि व्हिलन बघा. हान्स ग्रूबर झालेल्या अ‍ॅलन रिकमनचा हा पहिलाच चित्रपट. माणूस रंगभूमीवरून आलेला, सूट अंगावर चापूनचोपून बसलेला. मॅक्लेनशी समोरासमोर गाठ पडते तेव्हा तो त्याचे पाय बघून ठेवतो, आणि मग गोळीबार चालू असताना आपल्या माणसाला सांगतो की काचांवर गोळ्या घाल. माणसावर मारायच्या सोडून काचांवर! हिरोचं दुखणं हेरणारा व्हिलन हाच खरा व्हिलन. बाकीचे नुसते मोठ्याने हसतात.

त्यानंतरचा बाथरूमचा प्रसंग माझ्यासाठी अख्ख्या पिक्चरचा कळस आहे. मॅक्लेन फरशीवर फरफटत येतो, मागे रक्ताचा पट्टा. बेसिनपाशी बसून तळव्यातून काचेचे तुकडे उपसतो आणि वायरलेसवर इमारतीबाहेरच्या पोलिसाशी, सार्जंट पॉवेलशी बोलतो. पॉवेलला त्याने अजून पाहिलेलंही नाही. मी यातून वाचलो नाही तर माझ्या बायकोला शोध, मला तिची माफी मागायची होती एवढं सांग, असं त्याचं सांगणं. मॅक्लेन झालेला ब्रूस विलिस तोवर टीव्हीवरच्या एका हलक्याफुलक्या मालिकेतला गुप्तहेर म्हणून लोकांना माहीत होता. मुळात ही भूमिका करारापोटी आधी फ्रँक सिनात्राला विचारावी लागली होती, कारण त्याने १९६८ साली ज्या कादंबरीवरच्या चित्रपटात काम केलं होतं, तिच्या पुढच्या भागावर 'डाय हार्ड' बेतलेला आहे. सत्तरी ओलांडलेल्या सिनात्राने नकार दिला. मग फिरत फिरत ती या टक्कल पडू लागलेल्या, मिश्कील डोळ्यांच्या माणसापाशी आली. एखाद्या पिळदार दंडाच्या माणसाने काचा उपसल्या असत्या तर आपण दंड बघत बसलो असतो.

मॅक्लेनचा तो बनियन सुरुवातीला पांढरा असतो आणि शेवटी कुठल्या रंगाचा आहे हे सांगता येत नाही. विलिसने तो २००७ साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला दिला. उत्तम केलं. माझी मागणी एवढीच, की शूटिंगमध्ये पाय सांभाळायला त्याने जे रबरी पाय घातले होते, तेही काचेच्या पेटीत शेजारी मांडले पाहिजेत. एका मळक्या बनियनाला राष्ट्रीय ठेवा मानणारा देश पायांना कसा विसरला?

याच पिक्चरवरून अमेरिकेत दर डिसेंबरला भांडण होतं, की हा नाताळचा पिक्चर आहे की नाही. गोष्ट नाताळच्या आदल्या रात्रीची, पण चित्रपट आला जुलैमध्ये. खुद्द विलिसने २०१८ साली एका कार्यक्रमात जाहीर सांगून टाकलं की हा नाताळचा पिक्चर नाही. विलिसबद्दल मला पराकोटीचा आदर आहे आणि तरीही मी सांगतो, तो चुकला. गणपतीला कोकणात निघालेला चाकरमानी आठवा. रिझर्व्हेशन नाही, एसटी फुल, पोरांसाठी घेतलेलं खेळणं मांडीवर, बायको वर्षभर रुसलेली, आणि काही झालं तरी सणाला घरी पोचायचंच. मॅक्लेन मुलांसाठी भलंमोठं टेडी बेअर घेऊन निघालेला आहे. वाटेत बंदूकवाले आडवे आले, एवढाच काय तो फरक. सणाला घरी पोचायची इतकी जिद्द ज्यात आहे तो सणाचाच पिक्चर. या मुद्द्यावर मावसभाऊही माझ्या बाजूने आहे.

तो खवळतो ते आर्नोल्ड श्वार्झनेगरचा विषय निघाला की. 'कमांडो' त्याचा देव. मोकळ्या बागेत आर्नोल्ड छाती काढून उभा, चहूबाजूंनी गोळ्या, आणि गोळ्यांनाच त्याला शिवायला संकोच वाटतोय. मी त्याला 'प्रिडेटर' दाखवतो. 'डाय हार्ड'च्या आदल्याच वर्षी त्याच जॉन मॅकटीर्नन या दिग्दर्शकाने केलेला. तिथे शेवटी त्याच आर्नोल्डकडे बंदूक उरत नाही, साथीदार उरत नाहीत, अंगाला चिखल फासून तो झाडाच्या मुळांत जीव मुठीत धरून दबा धरतो. मला आर्नोल्ड पहिल्यांदा आवडला तो तिथे, भ्यायलेला. याच पिक्चरमध्ये जेसी व्हेंचुराचा धिप्पाड सैनिक आहे. त्याला कुणी सांगतं की तुझं रक्त वाहतंय, तर तो म्हणतो, मला त्यासाठी वेळ नाही. थोड्याच वेळात त्याचा निकाल लागतो. वेदनेला वेळ न देणाऱ्याचं असंच होतं! पुढे व्हेंचुरा मिनेसोटाचा गव्हर्नर झाला आणि आर्नोल्ड कॅलिफोर्नियाचा. एका पिक्चरमधून दोन गव्हर्नर निघाले, तर मॅकटीर्ननचा एखादा पुतळा उभारायला हरकत नव्हती. 'टर्मिनेटर'ला मात्र माझी चाचणी लागू नाही. तो यंत्र आहे, त्याने हात झटकू नये.

रॅम्बोचंही असंच. आपल्याकडे पोरं कपाळाला लाल फडकं बांधून फिरली ती नंतरच्या, मशीनगनवाल्या रॅम्बोसाठी. १९८२चा पहिला भाग किती जणांनी नीट बघितला? त्यात तो जंगलात स्वतःचा फाटलेला दंड स्वतः शिवतो, आणि शेवटी आपल्या जुन्या कर्नलच्या कुशीत हमसून हमसून रडतो. तो पहिला रॅम्बो माणूस आहे. पुढचा कुणीतरी दुसराच आहे, नाव तेवढं तेच.

इंडियाना जोन्सच्या चाहत्यांत एक सिद्धान्त फिरतो, तो मला झोपू देत नाही. 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क'मध्ये इंडी नसता तरी काहीही बिघडलं नसतं, असं हे लोक म्हणतात. ज्या प्राचीन पेटीसाठी सगळी धावपळ, ती नाझींनी मिळवलीच असती, उघडलीच असती, आणि आतल्या दैवी शक्तीने त्यांची राख केलीच असती. तर्क म्हणून ठीक आहे. पण पिक्चर बघायला गेलात की हिशेब तपासायला? तो माणूस धावत्या ट्रकखालून फरफटत जाऊन मागून पुन्हा वर चढतो. ही करामत मुळात याकिमा कनट या स्टंटवाल्याची. १९३९च्या 'स्टेजकोच'मध्ये त्याने ती धावत्या घोड्यांच्या पायांतून केली होती. आणि त्यानंतर बोटीवर त्याची प्रेयसी मॅरियन इंडीची मलमपट्टी करायला बसते तेव्हा त्याचं अंग इतकं ठणकत असतं की ती वैतागून विचारते, दुखत नाही तरी कुठे? तो विचार करून कोपर दाखवतो. ती तिथे ओठ टेकवते. मग कपाळ. आणि मग बिचारा झोपून जातो. जगाचं भलं त्याच्यामुळे झालं की नाही, याच्याशी मला काय करायचंय? ते कोपर मला पुरतं.

तलवारवाल्याला एका गोळीत संपवायचा तो प्रसिद्ध प्रसंगही दुखण्यातूनच जन्मला. ट्युनिशियात शूटिंगच्या वेळी इंडी झालेल्या हॅरिसन फोर्डचं पोट बिघडलेलं होतं. चाबूक विरुद्ध तलवार अशी लांबलचक लढत ठरली होती, आणि ती करायचं त्राण त्याच्यात नव्हतं. मग पिस्तूल काढलं आणि काम झालं. थिएटरं हसून लोळली. पुढच्या, १९८४च्या भागात भारताचं आणि भारतीय जेवणाचं जे चित्र रंगवलंय त्याचा मला मनापासून राग आहे. आपल्या सरकारने शूटिंगला परवानगी दिली नाही आणि त्यांना श्रीलंकेत जावं लागलं. तरी त्या पिक्चरमधून अमरीश पुरी वजा करून बघा, काय उरतं? सत्यदेव दुबेंच्या नाटकांत घडलेला हा नट त्या भूमिकेसाठी मुंडण करतो आणि नुसत्या डोळ्यांनी हॉलिवूडला घाम फोडतो.

पण हात झटकण्याच्या कलेचा सम्राट हाँगकाँगचा. जॅकी चॅन. माझी चाचणी त्याच्यावरूनच तयार झाली आहे. तो मारतो आणि हात झटकतो, लाथ घालतो आणि लंगडतो, खुर्ची अडवतो आणि नडगी चोळतो. लहानपणी तो यू जिम-युएन या गुरूंच्या ऑपेरा शाळेत टाकला गेला. तिथे कोलांट्या, गाणं, तलवारी आणि छडी, सगळं एकाच ताटात मिळायचं. म्हणूनच त्याच्या मारामारीला ताल आहे. १९८५चा 'पोलिस स्टोरी' त्यानेच दिग्दर्शित केला. त्यात इतक्या काचा फुटल्या की काम करणारी मंडळी त्याला 'ग्लास स्टोरी' म्हणायची. सुरुवातीला तो धावत्या डबलडेकर बसला छत्रीच्या दांड्याने लटकतो. शेवटी मॉलमध्ये दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या उंच खांबावरून घसरत खाली येतो, वाटेत दिवे फुटत जातात, आणि काचेच्या छतातून तो जमिनीवर आदळतो. पिक्चरमध्ये हा शॉट तीनदा दाखवलाय, वेगवेगळ्या बाजूंनी. संकलनाच्या नियमांनुसार ही चूक असेल. मला विचाराल तर दहादा दाखवला असता तरी चाललं असतं. त्या एका घसरणीत त्याचे तळहात भाजले आणि पाठीला मार बसला.

ही परंपरा जॅकीच्याही मागे जाते. १९८३च्या 'प्रोजेक्ट ए'मध्ये तो घड्याळाच्या मनोऱ्यावरून लोंबकळतो, तो नमस्कार मूकपटांतला विनोदवीर हॅरोल्ड लॉइड याला आहे. लॉइड १९२३ साली घड्याळाच्या काट्याला लटकला तेव्हा त्याच्या उजव्या हाताला अंगठा आणि तर्जनी नव्हती. चार वर्षांपूर्वी नकली समजून हातात घेतलेला बॉम्ब खरा निघाला होता. त्याच काळातला दुसरा विनोदवीर बस्टर कीटन, त्याच्यावर १९२८ साली अख्ख्या घराची दर्शनी भिंत कोसळली, आणि पोटमाळ्याची उघडी खिडकी बरोबर जिथे आली तिथेच तो उभा होता. दोन टनांची भिंत, दोन्ही बाजूंना इंचांची जागा. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. त्याच्या चार वर्षं आधी एका शूटिंगमध्ये पाण्याच्या लोटाने तो रुळावर आपटला होता. तेव्हा मान मोडली होती, हे डॉक्टरांनी त्याला कित्येक वर्षांनी सांगितलं.

इथे मला थांबून एक गोष्ट स्वच्छ बोलायची आहे. जॅकीच्या पिक्चरच्या शेवटी नावं सरकत असताना चुकलेले शॉट दाखवतात. आपल्याकडे थिएटरवाले तोवर दिवे लावून दारं उघडतात, पण मी बसून राहतो. बहुतेक शॉट हसवतात. १९८६च्या एका पिक्चरचे मात्र हसवत नाहीत. युगोस्लाव्हियात भिंतीवरून झाडावर उडी मारताना फांदी तुटली, डोकं दगडावर आपटलं आणि कवटी फुटली. ते दृश्य, ती धावपळ, सगळं तिथे आहे. ते बघताना मावसभावाचा प्रश्न मला वेगळ्या अर्थाने टोचतो. लागायला हवं म्हणजे किती लागायला हवं?

खरोखर लागलेलं मला नको आहे. १९४२ साली एका शूटिंगमध्ये भगवानदादांनी ललिता पवारांना मारायची थप्पड खरीच जोरात बसली. त्यांच्या चेहऱ्याला अर्धांगवायू झाला आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. ज्या डोळ्याला आपण पुढे खाष्ट सासूचा डोळा म्हणून घाबरलो, तो एका नायिकेचा जखमी डोळा होता. २६ जुलै १९८२ला बंगळूरमध्ये 'कुली'च्या मारामारीत अमिताभच्या पोटाला मार बसला, आणि मुंबईतल्या हॉस्पिटलबाहेर, देवळांत, दर्ग्यांत माणसांची रीघ लागली. पिक्चरमध्ये तो ठोसा गोठवून, हाच तो क्षण, असं पडद्यावर लिहिलेलं आहे. थिएटरात तिथे एकही शिट्टी वाजत नाही. मनमोहन देसाईंनी शेवटही बदलला आणि नायकाला जगवलं. बरोबरच केलं, त्या माणसाला दुसऱ्यांदा कोण मारणार? 'शोले'मध्ये बसंतीचा टांगा उधळतो तेव्हा लगाम हेमामालिनीच्या हातात आहे असं आपण समजतो. तो धोका रेश्मा पठाण यांनी घेतला होता, आणि टांगा त्यांच्या अंगावर उलटला होता. 'डाय हार्ड'मध्येही टेबलाखालून झाडलेल्या नकली काडतुसांच्या आवाजाने विलिसच्या डाव्या कानाची श्रवणशक्ती बरीचशी गेली, ती परत आली नाही.

म्हणून मला हवी असते ती अभिनयातली वेदना, रबरी पायांतली. तिची जबाबदारी घेणारी माणसं मात्र पडद्यावर कधी दिसली नाहीत. 'द मेट्रिक्स'मध्ये किआनू रीव्हजच्या जागी उड्या मारणारा चॅड स्टाहेल्स्की पुढे दिग्दर्शक झाला आणि त्याने 'जॉन विक'चे चार भाग केले. स्टंटवाल्याने काढलेला पिक्चर कसा ओळखावा? हिरो दमतो. त्याच्या पिस्तुलातल्या गोळ्या संपतात. चौथ्या भागात पॅरिसच्या त्या दोनशेच्या वर पायऱ्या तो लढत लढत चढतो, आणि वर पोचता पोचता गडगडत थेट तळाशी येतो. आम्ही दोघं शेजारीशेजारी बसलो होतो. पायऱ्यांच्या तळाशी विक निपचित पडला होता, थिएटर गप्प झालं होतं, आणि "ऊठ!" म्हणून ओरडला तो माझा मावसभाऊ होता.

एप्रिल २०२५मध्ये ऑस्करवाल्यांनी जाहीर केलं की स्टंटसाठी वेगळा पुरस्कार सुरू होणार. २०२७ साली येणाऱ्या चित्रपटांपासून, म्हणजे शंभराव्या सोहळ्यात तो पहिल्यांदा दिला जाईल. शंभर वर्षं उशीर! बातमी आली त्या रात्री आम्ही दोघांनी फोनवर मागचे पुरस्कार वाटून टाकले. १९२८चा कीटनच्या भिंतीला. १९३६चा धावत्या रेल्वेच्या टपावर मारामारी करणाऱ्या आपल्या मुंबईच्या फियरलेस नादियाला. १९३९चा याकिमा कनटला. १९७५चा टांग्याला. १९८५चा हाँगकाँगच्या खांबाला, एकमताने. गाडी अडली ती १९८८वर. त्याला जळत्या गच्चीवरून आगीच्या बंबाची नळी कमरेला बांधून मारलेली उडी हवी होती. मला बाथरूम हवं होतं. बाथरूममध्ये स्टंट कुठे आहे, असं तो ओरडला, आणि नियमांप्रमाणे त्याचं बरोबर होतं. मग मी त्याला आठवण करून दिली, की त्या उडीनंतर मॅक्लेन इमारतीच्या काचेवर येऊन आदळतो तेव्हा तळव्यांतून नुकत्याच काचा उपसलेल्या असतात, आणि काचेवर पहिले टेकतात ते पायच. फोनवर बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "बरं, उडीला देऊ. पण नाव पायांचं लिही."